जन्मभूमीतला परदेशी

२७ एप्रिल १९६२ रोजी गोव्यातील एका ज्येष्ठ धर्मगुरूंनी नव्या भारतीय प्रशासनाकडे एक लेखी निवेदन सादर केले. मॉन्सिन्योर सेबास्तियाव फ्रान्सिस्को शाविएर दॉस रेमेदियॉस मोंतेरो हे त्यांचे नाव. २० डिसेंबर १९६१ पूर्वी आपले जे राष्ट्रीयत्व होते तेच, म्हणजे पोर्तुगीज राष्ट्रीयत्व, आपण पुढेही ठेवू इच्छितो, एवढाच त्या निवेदनाचा आशय होता. कायद्याने दिलेली महिन्याभराची मुदत संपत आली होती. मोंतेरो यांनी कायद्यातील सवलतीचाच उपयोग केला, आणि त्या क्षणापासून ते ज्या भूमीत जन्मले व वाढले तेथेच परकीय नागरिक ठरले.

परदेशस्थ माणूस मायदेशी येतो, विमानतळावर अधिकारी त्याचा पासपोर्ट चाळतो आणि मुदत संपल्याचे सांगून त्याला बाजूला उभे करतो, ही गोष्ट आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांना आता ऐकून ठाऊक आहे. मोंतेरो यांची हकीकत निराळी आहे. ते कोठे गेले नव्हते आणि कोठून आलेही नव्हते. माणूस जागच्या जागी होता, सीमारेषा त्याच्या डोक्यावरून सरकली. जन्म एका भूमीचा आणि दस्तऐवज दुसऱ्या राष्ट्राचा असला म्हणजे काय घडते, याचा आपल्या देशातील सर्वांत स्पष्ट दाखला याच खटल्यात सापडतो. म्हणून त्याचा इतिहास थोडा विस्ताराने पाहू या.

१८ आणि १९ डिसेंबर १९६१ या दोन दिवसांत भारतीय सैन्याने गोवा, दमण आणि दीव हे प्रदेश ताब्यात घेतले. १९ तारखेच्या रात्री गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली आणि २० डिसेंबरपासून भारतीय प्रशासन सुरू झाले. मेजर जनरल कँडेथ हे लष्करी गव्हर्नर झाले. मार्च १९६२ मध्ये संसदेने घटनेची बारावी दुरुस्ती संमत केली आणि २० डिसेंबर १९६१ या पूर्वलक्षी तारखेपासून हा प्रदेश भारतीय संघराज्याचा भाग ठरवला. प्रदेश आला, आता माणसांचे काय, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर २८ मार्च १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने दिले. ज्या व्यक्तीचा, तिच्या आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी कोणाचाही जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात झाला असेल, ती व्यक्ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानली जाईल. मात्र जिला आपले पूर्वीचे राष्ट्रीयत्व राखायचे असेल तिने महिन्याभरात तसे लेखी कळवावे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोर्तुगालने १९५१ मध्ये आपल्या घटनेत बदल करून वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नाव दिले होते. लिस्बनच्या दृष्टीने गोव्यातील माणूस लिस्बनच्या माणसाइतकाच पोर्तुगीज नागरिक होता. या कायदेशीर समतेच्या आड सालाझारची हुकूमशाही होती, वृत्तपत्रांवर बंधने होती आणि स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्यांसाठी तुरुंग होते, हे विसरता येत नाही. परंतु राष्ट्रीयत्वाच्या कागदापुरते बोलायचे तर तो कागद खरा होता. मोंतेरो यांच्यासारख्यांना तो अचानक टाकून द्यावासा वाटला नाही, याचे आश्चर्य करण्याचे कारण नाही. त्यांची राजकीय मते आपल्याला पटोत वा न पटोत.

पुढे मोंतेरो यांची परदेशी नागरिक म्हणून नोंद झाली व त्यांना तात्पुरता निवास परवाना मिळाला. त्याची मुदत होती १३ नोव्हेंबर १९६४ पर्यंत. ती संपली. त्यांनी नूतनीकरणासाठी अर्ज केला नाही. स्वतःच्या जन्मभूमीत राहण्यासाठी परवाना का मागावा, असा विचार त्यांच्या मनात असेल असे आपण कल्पू शकतो. पण तो केवळ तर्क. १९ जून १९६५ रोजी नायब राज्यपालांचा हुकूम निघाला: १ जुलैपर्यंत देश सोडा. मोंतेरो गेले नाहीत. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याखाली त्यांच्यावर खटला भरला गेला आणि त्यांना ३० दिवसांची साधी कैद व ५० रुपये दंड अशी शिक्षा झाली. सत्र न्यायालय झाले, ज्युडिशियल कमिशनर झाले, दोन्ही ठिकाणी शिक्षा कायम राहिली. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

तीस दिवसांच्या कैदेचा खटला देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे जावा आणि त्याचा निकाल आंतरराष्ट्रीय कायद्याच्या ग्रंथांत उद्‌धृत व्हावा, असे क्वचितच घडते. मोंतेरो यांच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद मोठा कौशल्याचा होता. भारताने १९६० मध्ये जिनिव्हा करारांचा कायदा केला होता. चौथ्या जिनिव्हा करारानुसार युद्धात व्यापलेल्या प्रदेशातील नागरिकांना तेथून हद्दपार करता येत नाही आणि तो प्रदेश पुढे आपल्या राज्यात सामील करून घेतला तरी त्या नागरिकांचे संरक्षण जात नाही. गोवा हा सैन्यबळाने घेतलेला प्रदेश, मोंतेरो हे त्यातील संरक्षित नागरिक; तेव्हा त्यांना बाहेर काढण्याचा हुकूमच बेकायदेशीर, असे त्यांचे म्हणणे होते.

२६ मार्च १९६९ रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. लष्करी ताबा आणि सामीलीकरण यांत त्यांनी स्पष्ट भेद केला. लढाई चालू असताना शत्रूच्या भूमीवर बसवलेला अंमल हा तात्पुरता ताबा. तेथे मूळ राज्याचे सार्वभौमत्व झोपलेले असते, मेलेले नसते. परंतु लढाई संपली, प्रतिकार उरला नाही आणि विजेत्याने तो प्रदेश पूर्णपणे आपल्या राज्यात सामावून घेतला, म्हणजे ताबा संपतो आणि त्याबरोबर ताब्यातील नागरिकाचे खास संरक्षणही संपते. गोव्यात हेच घडले, असे न्यायालयाने ठरवले. शिवाय त्या जिनिव्हा कायद्याने व्यक्तीला न्यायालयात दाद मागण्याचा वेगळा हक्क दिलेला नाही, असेही सांगितले. अपील फेटाळले गेले.

निकाल कायद्याला धरून होता असे माझे मत आहे. तरीही तो वाचताना मन थोडे अडखळते. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व त्या वेळी मान्य केलेले नव्हते. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १९५५ पासूनच तुटले होते. भारतातील पोर्तुगीज हितसंबंध ब्राझीलचा दूतावास पाहत असे. म्हणजे ज्या राष्ट्राचे नागरिक म्हणून मोंतेरो यांना देशाबाहेर जाण्यास सांगितले, त्या राष्ट्राचा प्रतिनिधीच भारतात नव्हता, आणि ते राष्ट्र तर मोंतेरो राहत असलेल्या घराला अजून आपलीच भूमी मानत होते. लिस्बनच्या नकाशात ते स्वदेशी होते, दिल्लीच्या नकाशात परदेशी.

ही विसंगती पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळल्यावर मिटली. एप्रिल १९७४ मध्ये तेथे क्रांती झाली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबर रोजी नवी दिल्लीत करारावर सह्या झाल्या. भारताच्या वतीने सही केली ती आपल्या यशवंतराव चव्हाणांनी, परराष्ट्रमंत्री या नात्याने. पोर्तुगालच्या वतीने मारिओ सोआरेस यांनी. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हे भारताचे अविभाज्य भाग असल्याचे पोर्तुगालने मान्य केले. राज्यांतील वाद संपला. माणसांचा मात्र संपला नाही.

कारण पोर्तुगालने दुसरीकडे एक दार उघडे ठेवले. जून १९७५ मध्ये स्वतंत्र झालेल्या वसाहतींतील रहिवाशांच्या राष्ट्रीयत्वाविषयी तेथे जो हुकूमनामा निघाला, त्यात पूर्वीच्या पोर्तुगीज हिंदुस्थानात जन्मलेल्यांना तशी इच्छा व्यक्त केल्यास पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखता येईल अशी तरतूद होती. १९८१ च्या नव्या राष्ट्रीयत्व कायद्यानंतर दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले म्हणून पोर्तुगीज राष्ट्रीयत्व आपोआप जाईनासे झाले. लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात आपल्या जन्माची नोंद करवून घेतली की गोमंतकीय माणूस पोर्तुगीज ठरतो, आणि त्याच्यामागून त्याची मुलेही. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेल्यावर या नोंदीला नवी किंमत आली. त्या पासपोर्टवर मडगावचा तरुण इंग्लंडमध्ये जाऊन काम करू लागला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडून त्याचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपेपर्यंत हा मार्ग सरळ होता. स्विंडनसारख्या इंग्रजी शहरात आज कोकणी मिस्सा ऐकू येते, त्यामागे ही नोंदवही आहे.

या ठिकाणी वसईकर वाचकांची एक शंका दूर करावीशी वाटते, कारण ती मला अनेकदा विचारली गेली आहे. आमचीही आडनावे डिसोझा, लोपीस, रॉड्रिग्ज. आमच्याही चर्च पोर्तुगीजांनी बांधलेल्या. मग आम्हांला तो हक्क का नाही? वाचकहो, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला तेव्हाच ते नाते तुटले. मुंबई तर त्याआधीच, १६६१ च्या विवाहकरारात, इंग्रज राजाला आंदण दिली गेली होती. आडनाव हा संस्काराचा पुरावा होईल, राष्ट्रीयत्वाचा होत नाही. स्नानसंस्काराच्या जुन्या वह्या उलगडून पणजोबांचे नाव शोधणाऱ्या तरुणांना हे सांगताना वाईट वाटते. पण त्या वहीतील शाई अडीचशेहून अधिक वर्षांचा खंड भरून काढू शकत नाही.

गोव्याकडे परत येऊ. पोर्तुगीज कायदा म्हणतो, तुमचे राष्ट्रीयत्व कधी गेलेच नव्हते, तुम्ही केवळ नोंद करता आहात. भारतीय कायदा म्हणतो, १९६१ मध्ये तुम्ही भारतीय झालात; आता दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतलात, म्हणजे आपण होऊन ते सोडलेत. एकाच माणसाच्या एकाच कृतीचे हे दोन अर्थ. आपल्या राज्यघटनेचे नववे कलम स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याला भारतीय नागरिक मानत नाही. १९५६ च्या नागरिकत्व नियमांनी त्याहून पुढे जाऊन ठरवले की दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवणे हाच त्या स्वेच्छेचा निर्णायक पुरावा समजावा. १९६२ मध्ये इझार अहमद खान यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरवला. १९६५ मध्ये मात्र त्याला थोडी माणुसकीची किनार लावली: पासपोर्ट दडपणाखाली वा फसवणुकीने घ्यावा लागला असे कोणी म्हणत असेल तर त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे.

यावरून निघणारी एक गोष्ट कुटुंबांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे. मुदत पासपोर्टची संपते, नागरिकत्वाची संपत नाही. पोर्तुगीज पासपोर्टची मुदत उलटली म्हणून कोणी पुन्हा भारतीय होत नाही. उलट भारतीय पासपोर्टची पाच वर्षे शिल्लक आहेत म्हणून कोणी भारतीय राहतही नाही. परकीय नागरिकत्व घेतल्यावर तो दस्तऐवज वापरणे १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या सणाला घरी यायचे, तिकीट हातात, पोर्तुगीज पासपोर्ट नूतनीकरणासाठी गेलेला, मग कपाटातला जुना भारतीय पासपोर्ट घेऊन निघायचे, असा मोह अनेकांना झाला आहे. व्हिसाचा खर्च वाचला असे वाटते आणि पुढे वर्षानुवर्षे निस्तरावे लागते.

आपला कायदा इतका कठोर का झाला, याचे कारण गोव्यात नाही. ते फाळणीत आहे. घटना समितीने नागरिकत्वाची कलमे ऑगस्ट १९४९ मध्ये चर्चिली, तेव्हा सभासदांच्या डोळ्यांपुढे सीमेच्या दोन्ही बाजूंना वाहणारे लोंढे होते. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांवर परवाना पद्धत लादली गेली होती. तात्पुरता परवाना वेगळा, कायम वसण्याचा वेगळा. आईला भेटायला आलेला मुलगा तात्पुरत्या परवान्यावर यायचा आणि मुदत संपली की आपल्याच गल्लीत गुन्हेगार ठरायचा. ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पासपोर्ट व व्हिसा आले. फिदा हुसेन विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खटल्यातील इसम भारतात जन्मलेला. १९५३ मध्ये पाकिस्तानी पासपोर्टवर आला व व्हिसा संपल्यावरही राहिला. त्याला शिक्षा झाली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि तीही मोठ्या मौजेच्या कारणाने. त्याने सीमा ओलांडली तेव्हाच्या कायद्यात ‘परकीय’ या शब्दाची व्याख्या जुनी, इंग्रज अमदानीतली होती. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेला माणूस त्या व्याख्येत बसतच नव्हता. ही फट संसदेने जानेवारी १९५७ मध्ये बुजवली. तोवर मेलेल्या साम्राज्याची व्याख्या काही जणांना त्यांच्या घरात राखून गेली.

आपल्या समाजाचेही या सीमेशी नाते आहे. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता आणि चर्चच्या व्यवस्थेत कराची १९४८ पर्यंत मुंबईच्या महाधर्मप्रांतात मोडत होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात कराचीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. गोव्याची शेकडो कुटुंबे तेथे शिक्षक, कारकून, वादक, परिचारिका म्हणून स्थिरावली होती. त्यांपैकी ज्यांनी पुढे पाकिस्तानी पासपोर्ट घेतला त्यांच्यासाठी गोव्यातील घर पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांपेक्षा कितीतरी दूर गेले. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या ज्या सहा समाजांचा उल्लेख आहे त्यांत ख्रिस्ती समाज आहे. हा कायदा मुसलमानांना वगळतो म्हणून त्यावर कठोर टीका झाली व न्यायालयात आव्हानेही दिली गेली. त्या टीकेतील वेदना मला समजते. पण ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच कायद्याखाली गोव्यात जे पहिले प्रमाणपत्र दिले गेले ते ७८ वर्षांच्या एका कॅथलिक गृहस्थांना. १९६० मध्ये, गोवा पोर्तुगीजांकडे असताना, ते शिक्षणासाठी कराचीकडे गेले होते. पुढे पाकिस्तानी नागरिक झाले, आखातात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर २०१३ मध्ये गोव्याला परतले. ज्या देशाचे नागरिकत्व त्यांना मिळाले, तो त्यांच्या जन्मवेळी त्यांच्या गावाचा देश नव्हता आणि ते गाव सोडून गेले तेव्हाही नव्हता.

आता परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या कार्डाविषयी, ज्याला सर्वजण ओसीआय म्हणतात. नाव नागरिकत्वाचे असले तरी ते नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, घटनात्मक पद नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आहे तो आजीव व्हिसा. २००५ च्या दुरुस्तीनंतर ही योजना सुरू झाली. त्या कायद्यातील एक वाक्यांश गोमंतकीयांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारताचा भाग झालेल्या प्रदेशातील मूळ रहिवासी जर परदेशी नागरिक असेल, तर तोही या कार्डास पात्र आहे. मोंतेरो यांच्या बाबतीत हे शब्द तंतोतंत लागू पडले असते. ज्या गृहस्थांना १९६५ मध्ये बारा दिवसांत देश सोडण्यास सांगितले गेले त्यांना, आज असते तर, आपल्या घरात आमरण राहण्याचे कार्ड मागता आले असते. एकदा पाकिस्तान वा बांगलादेशाचा नागरिक झालेल्यास मात्र हे दार आजही बंद आहे.

या कार्डाने जुन्या पासपोर्टला एक विचित्र आयुष्य दिले. सुरुवातीच्या काळात आजीव व्हिसाचा कागद पासपोर्टच्या पानावर चिकटवला जाई. पासपोर्टची मुदत संपे, व्हिसाची संपत नसे. त्यामुळे प्रवासी नवा पासपोर्ट आणि त्याच्याबरोबर मुदत संपलेला जुना, असे दोन्ही घेऊन येत. कोणी जुना घरी विसरला तर विमान चुकलेच. कितीतरी वृद्ध आईबापांनी मुलांना पत्रातून आणि फोनवरून आधी पासपोर्टची आठवण केली, मग प्रकृतीची चौकशी. मार्च २०२१ मध्ये, महामारीच्या दिवसांत, जुना पासपोर्ट बरोबर बाळगण्याची सक्ती शासनाने काढून टाकली.

गोमंतकीयांची आणखी एक अडचण त्यानंतर उभी राहिली. ओसीआय कार्डासाठी भारतीय पासपोर्ट स्वखुशीने परत केल्याचे प्रमाणपत्र लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने काढलेल्या टिपणानंतर गोव्यात अनेकांचे पासपोर्ट परत घेण्याऐवजी रद्द केले जाऊ लागले. ज्यांनी लिस्बनला जन्माची नोंद केली होती आणि तरीही भारतीय पासपोर्ट वापरला वा मिळवला होता, अशांचे हे पासपोर्ट होते. रद्द झालेला पासपोर्ट परत करता येत नाही. परत केल्याचे प्रमाणपत्र नाही म्हणून कार्ड नाही. कार्ड नाही म्हणून घरी राहता येत नाही. साठ वर्षांपूर्वी मोंतेरो यांच्या परवान्याभोवती पडली होती तशीच गाठ पुन्हा पडली, फक्त दुसऱ्या टोकाने. एप्रिल २०२४ मध्ये मंत्रालयाने नवे टिपण काढून गोवा, दमण व दीव येथील अशा माजी भारतीयांसाठी रद्दीकरणाचे प्रमाणपत्रही ग्राह्य मानण्याचे ठरवले आणि गोव्याच्या मुख्यमंत्र्यांनी ते जाहीर केले.

मोंतेरो यांना ज्या कायद्याने शिक्षा झाली तो १९४६ चा परकीय नागरिक कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून इतिहासजमा झाला असून त्याच्या जागी नवा कायदा आला आहे. त्याच दिवसांत निघालेल्या एका सवलत आदेशाने तीन शेजारी देशांतून २०२४ अखेरपर्यंत धार्मिक छळामुळे आलेल्या अल्पसंख्याकांना, ज्यांत ख्रिस्ती आहेत, कागदांची मुदत संपलेली असली तरी शिक्षेतून वगळले आहे. पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना तो लागू नाही. त्यांनी घरी येण्यापूर्वी दोन्ही देशांचे कागद तपासून घ्यावेत, आणि स्नानसंस्काराचा दाखला हवा असल्यास धर्मग्रामाच्या कार्यालयात आजोबांचे पूर्ण नाव व जन्मवर्ष घेऊन यावे. वह्या जुन्या आहेत, पाने ठिसूळ झाली आहेत, आणि शोधायला वेळ लागतो.